सणाचा मोबाईल घेताय? आधी हप्त्यांची बेरीज करा

सणाच्या तोंडावरच नवा मोबाईल बाजारात येतो, हा योगायोग नसतो. जिओफोन नेक्स्टचंच बघा. जून २०२१ मध्ये घोषणा झाली, मुहूर्त गणेश चतुर्थीचा ठरला. चिपच्या तुटवड्यामुळे तो हुकला, तर थेट दिवाळी गाठली.

फोनची रोख किंमत ६,४९९ रुपये; पण लोकांच्या डोळ्यात भरला तो १,९९९ चा आकडा. पुढे प्रक्रिया शुल्क ५०१ आणि एका योजनेत महिना ३०० रुपये, २४ महिने. एकूण ९,७००! म्हणजे ३,२०१ जास्त. त्यात महिन्याला ५ जीबी डेटा, १०० मिनिटं कॉल मिळत होते, हेही खरं.

पण शेतकऱ्याच्या हातात पैसा हंगामाला येतो, हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न एकच: सगळे मिळून किती?