यंत्र तुमचे, किल्ली कंपनीची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीचा सर्वसाधारण आधार थांबविला. त्या दिवशी जगातील एकाही लॅपटॉपच्या पडद्याला तडा गेला नाही की एकाही कळफलकाची कळ निखळली नाही. आदल्या दिवशी जी यंत्रे काम करीत होती ती दुसऱ्या दिवशीही काम करीत होती. तरीही त्या एका तारखेने कोट्यवधी यंत्रे ‘जुनी’ ठरली. हा निर्णय कोणत्या लोकसभेने घेतला नव्हता, कोणत्या न्यायालयाने दिला नव्हता. तो एका कंपनीने घेतला आणि साऱ्या जगाने पंचांगातील तिथीप्रमाणे तो निमूटपणे मान्य केला.

या निर्णयाचा सामान्य माणसाच्या घरातील अर्थ काय, हे पाहावयाचे असेल तर मुळशी तालुक्याकडे पाहावे. तालुक्याच्या पूर्व अंगाला हिंजवडीचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान संकुल उभे आहे. तेथील मोठ्या कंपन्या लॅपटॉप काही वर्षे वापरतात आणि मग एकगठ्ठा बाहेर काढतात. ते पुण्याच्या जुन्या मालाच्या बाजारात येतात. तेथून पौड, कोळवण, माले येथील घरांत पोहोचतात. लहान शेतकऱ्याच्या किंवा पिरंगुटच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या घरी येणारा पहिला संगणक बहुधा असा दुसऱ्या हाताचाच असतो. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. चांगले यंत्र दोन माणसांच्या उपयोगी पडले तर समाजाचा त्यात लाभच आहे.

परंतु अडचण पुढे सुरू होते. विकणाऱ्याने यंत्राची स्मृती पुसून दिलेली असते. घरातील महाविद्यालयात जाणारी मुलगी त्यावर प्रणाली नव्याने बसविते आणि पाहते तो पडद्यावरची अक्षरे ताणलेली, आवाज बंद, वाय-फायचे चिन्हच गायब. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडले की अनोळखी उपकरणांपुढे पिवळी उद्गारचिन्हे ओळीने उभी राहतात. यंत्रात बिघाड नसतो. त्यात ड्रायव्हर नसतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. वाय-फायची चकती, आवाजाची चकती, पडद्याची चकती यांना संगणकाची प्रणाली जे सांगते ते त्यांच्या भाषेत समजावून देणारा छोटा कार्यक्रम. तो नसेल तर उत्तम चकतीही मुकी ठरते. प्रत्येक चकतीच्या पोटात दोन क्रमांक कोरलेले असतात: एक निर्मात्याचा, दुसरा त्या चकतीचा. इंटेलचा क्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, एन्व्हिडियाचा १०डीई. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्येही कधी एका निर्मात्याची वाय-फाय चकती असते, कधी दुसऱ्याची. म्हणून नाव पाहून चालत नाही, हे क्रमांक पाहूनच ड्रायव्हर शोधावा लागतो. आणि येथे एक विचित्र फेरा तयार होतो: वाय-फायचा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावयाचा, आणि इंटरनेटशी जोडून घेण्यास वाय-फायचा ड्रायव्हर हवा! शेजाऱ्याच्या यंत्रावरून पेन ड्राइव्हमध्ये तो आणावा, तर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर ते मॉडेलच आता नाही. इंटेलने २०१९ मध्ये आपल्या जुन्या मदरबोर्डांचे ड्रायव्हर व बायोस संकेतस्थळावरून काढून टाकण्यास प्रारंभ केला, तेव्हा जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांनी ते घाईघाईने उतरवून घेतले. आग लागलेल्या ग्रंथालयातून पुस्तके बाहेर काढावीत तसा तो प्रकार होता; फरक एवढाच की येथे आग लावणारा ग्रंथालयाचा मालकच होता.

मग उरतो तो चोरबाजार. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्षणात’ अशी जाहिरात करणारे कार्यक्रम आधी भीती घालतात, मग पैसे मागतात आणि पुष्कळदा यंत्रात नको ते पेरून जातात. निर्मात्याने दार लावले की दलाल खिडकीशी उभा राहतो, हे रेशनच्या काळ्या बाजारात जसे दिसून आले तसेच येथेही दिसते.

अर्थशास्त्रात यंत्राच्या झिजेचे दोन प्रकार सांगितले जातात. वापराने यंत्र झिजते, ही पहिली झीज. त्याहून स्वस्त व सरस यंत्र निघाल्यामुळे चांगल्या यंत्राचेही मोल घटते, ही दुसरी. मार्क्सने तिला यंत्राची नैतिक झीज म्हटले. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत जे घडते ते या दोहोंत बसत नाही. यंत्र झिजलेले नसते, आणि ज्या मुलीला पत्र लिहावयाचे आहे, धडा वाचावयाचा आहे, अर्ज भरावयाचा आहे, तिच्या गरजेपुरते ते मागासलेलेही नसते. ते निकामी होते ते केवळ निर्मात्याच्या फर्मानाने. ही झिजेची तिसरी तऱ्हा आहे, आणि तिला ‘फर्मानी झीज’ हेच नाव शोभेल. १९२४ मध्ये विजेच्या दिव्यांच्या मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचा कट केला. त्यांना निदान दिव्याची तार तरी बदलावी लागली. आजच्या कंपनीला काहीच करावे लागत नाही. तिने एक फाईल काढून टाकली की पुरे.

‘विंडोज ११’ ही नवी प्रणाली २०२१ मध्ये आली, तेव्हा तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि ठराविक पिढीनंतरचाच प्रोसेसर हवा, अशी अट घालण्यात आली. इंटेलची सातवी पिढी व त्याआधीचे बहुतेक सारे प्रोसेसर या अटीने बाहेर राहिले. म्हणजे जुनी प्रणाली निवृत्त, नवी प्रणाली प्रवेश देत नाही, आणि मधल्या यंत्राने भंगारात जावे. विकत घेताना ग्राहकाने पूर्ण किंमत मोजली. पावती त्याच्या नावे आहे. परंतु यंत्राची किल्ली कधीच त्याच्या हाती दिली गेली नव्हती. ज्या मालकीला किल्ली नाही ती मालकी नव्हे. ते मुदत न सांगता दिलेले भाडेपट्ट्याचे यंत्र होय.

यावर तीन आक्षेप हमखास घेतले जातात.

पहिला सुरक्षिततेचा. जुन्या ड्रायव्हरमधील भगदाडातून चोर शिरतात, म्हणून जुने बंद करणे ग्राहकाच्याच हिताचे, असे म्हणतात. भगदाडे असतात हे खरे. पण भगदाड बुजविण्याचा मार्ग घर पाडणे हा नव्हे. कंपनीला ते बुजवावयाचे नसेल तर इतरांना बुजवू द्यावे, त्यासाठी ड्रायव्हरची मूळ संहिता खुली करावी. आज हेही शक्य नाही. २०१६ पासून विंडोज १० च्या गाभ्यात शिरणाऱ्या नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टचा अंकीय शिक्का सक्तीचा झाला. म्हणजे स्वतः दुरुस्त करावयाचे नाही आणि दुसऱ्याच्या दुरुस्तीलाही आपल्या शिक्क्यावाचून आत येऊ द्यावयाचे नाही. याला सुरक्षितता म्हणावयाचे की मक्तेदारी?

दुसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. परंतु जो ड्रायव्हर कंपनीने दहा वर्षे सर्वांना फुकट वाटला, तो सार्वजनिक संग्रहात ठेवल्याने कोणते गुपित फुटते? गुपिताचा प्रश्न चकतीच्या रचनेचा आहे. ग्राहक मागतो आहे ती केवळ तिच्याशी बोलण्याची भाषा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मित्रांकडून येतो: ‘लिनक्स बसवा, प्रश्न मिटला.’ हा सल्ला चांगला आहे आणि तो पाळलाही पाहिजे. लिनक्सच्या गाभ्यातच हजारो उपकरणांचे ड्रायव्हर असतात, आणि कंपन्यांनी टाकून दिलेली कितीतरी यंत्रे तिच्यामुळे चालू आहेत. मुक्त संगणक-चळवळीच्या मुळाशीही हाच अनुभव आहे: एमआयटीच्या प्रयोगशाळेतील छपाई-यंत्राच्या कार्यक्रमाची मूळ संहिता रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारली गेली, आणि १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. केरळने आपल्या सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर चालवून दाखविल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. हे सारे अभिमानास्पद आहे. परंतु निर्माता चकतीची माहिती दडवितो तेव्हा स्वयंसेवकांना तिचे वर्तन पाहून अंदाजाने ड्रायव्हर लिहावा लागतो. एन्व्हिडियाच्या चकत्यांसाठीचा ‘नूवो’ असाच लिहिला गेला. कोणाच्या तरी रात्रीच्या जागरणावर उभा असलेला दिलासा हा दिलासाच राहतो, तो हक्क होत नाही. अन्नछत्र आहे म्हणून रोजगार हमीची मागणी कोणी सोडून दिली नव्हती.

येथे समाजवादी व डाव्या चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ नये म्हणून कर्मचारी लढले. ऐंशीच्या दशकात बँकांमध्ये तोच वाद झाला. पोटाची चिंता खरी होती आणि तिची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु यंत्र यावे की न यावे या वादात यंत्राची किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न मागे पडला. यंत्र तर आलेच, आणि किल्ली दुसऱ्याकडे राहिली.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर एकदा या देशात देऊन झाले होते. परदेशात मागे पडलेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून आयबीएम कंपनी भारतात भाड्याने देत असे. विदेशी चलन नियमन कायद्याखाली भारतीय भागीदारीची अट तिने मानली नाही आणि १९७८ मध्ये ती देश सोडून गेली. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. आता ही यंत्रे बंद पडणार, अशी भाकिते झाली. ती बंद पडली नाहीत. कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन या सार्वजनिक कंपनीच्या भारतीय अभियंत्यांनी त्यांची देखभाल अंगावर घेतली. निर्माता निघून गेल्यावरही यंत्र चालू ठेवता येते, त्यासाठी माणसे, माहिती आणि सार्वजनिक संस्था लागते, हा त्या अनुभवाचा धडा होता. पुढे २००१ मध्ये सरकारने या कंपनीतील ५१ टक्के हिस्सा टाटा समूहाला विकला आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सीत विलीन झाली. देखभाल हे राष्ट्रीय काम आहे ही कल्पनाच त्या व्यवहारात विकली गेली.

सध्याच्या सरकारनेही काही केले नाही असे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर एक संकेतस्थळ सुरू केले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनी स्वेच्छेने माहिती देईल ती तेथे लावावयाची, हा शिष्टाचार झाला. युरोपीय संघाने स्मार्टफोन व टॅब्लेटसाठी जून २०२५ पासून नियमच केला आहे, की विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा उपलब्ध राहिल्या पाहिजेत. तेथे भांडवलदार बुडाले नाहीत.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांत जमा करावी लागते. त्याच धर्तीवर, भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपचे सर्व ड्रायव्हर व बायोस विक्रीपूर्वीच सार्वजनिक संग्रहात जमा करण्याची सक्ती असावी; हा संग्रह सी-डॅकने सांभाळावा. कंपनीने आधार थांबविला त्या दिवशी चकतीशी बोलण्याची भाषा जाहीर करणे तिच्यावर बंधनकारक असावे. आणि शाळा, ग्रामपंचायती, सरकारी कचेऱ्या यांच्यासाठी होणाऱ्या खरेदीत दहा वर्षे ड्रायव्हर देण्याची हमी नसलेले यंत्र घेऊच नये. सरकार हे मोठे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाने अट घातली की दुकानदार ऐकतो.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. गावोगावच्या शाखांनी महिन्यातून एक दिवस यंत्र-दुरुस्तीचा ठेवावा. जुने यंत्र पुसण्यापूर्वी त्यातील ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. तळाच्या चिठ्ठीवरील मॉडेल आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील क्रमांक वहीत लिहावेत, आधी लॅपटॉपच्या निर्मात्याकडे, मग चकतीच्या निर्मात्याकडे शोध घ्यावा. प्रथम चिपसेट, मग वाय-फाय, पडदा व आवाज असा क्रम ठेवावा. पैसे मागणाऱ्या ‘अपडेटर’ना दारात उभे करू नये. ड्रायव्हर मिळत नसेल तर लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी आणि सारे नीट चालले तरच ती बसवावी. अशी एक वही प्रत्येक तालुक्यात तयार झाली तर मागणीच्या पाठीशी पुरावाही उभा राहील.

मुळशीला हा प्रश्न नवा वाटू नये. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध येथील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने सत्याग्रह केला, तो विजेच्या दिव्याविरुद्ध नव्हता. मुंबईच्या गिरण्या चालाव्यात म्हणून मुळशीकरांच्या शेताचे काय व्हावे, हे मुळशीकरांना न विचारता ठरविण्याचा अधिकार कोणाला, एवढेच ते विचारीत होते. धरण झाले, प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. आज त्याच तालुक्यातील एका घरात चालते यंत्र मुके होऊन पडले आहे, आणि ते मुके करण्याचा निर्णय पुन्हा एकदा फार दूर, घरच्यांना न विचारता झालेला आहे. त्या मुलीला नवे यंत्र दान म्हणून नको आहे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची किल्ली तिला हवी आहे, आणि ती मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे.