धक्का कोणाचा?

फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरील दुआर्ननेझ हे जुने मच्छीमार बंदर आज प्रवाशांना फार मोहविते. पोर-र्‍यू खाडीत बांध घालून पाणी अडविले आहे. त्यावर जुन्या नौका तरंगत ठेवून 1993 साली नौका-संग्रहालय उघडण्यात आले. लगतच्या त्रेबूल येथे हौशी मंडळींच्या क्रीडानौका दाटीने उभ्या असतात. प्रवासी तिकीट काढतो, छायाचित्रे घेतो आणि श्रमिकांच्या इतिहासाला मान दिल्याच्या समाधानात परततो.

तो इतिहास एवढा निरुपद्रवी नव्हता. नोव्हेंबर 1924 मध्ये येथील सार्डिन मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांतील स्त्रियांनी संप पुकारला. मजुरी तासाला 80 सांतीम; मासळी आली की रात्रही कामाचीच. मालकांनी संपफोडे आणले आणि 1 जानेवारी 1925 रोजी त्यांनी कम्युनिस्ट महापौर दानिएल ल फ्लांशेक यांच्यावर गोळ्या झाडल्या. मग मात्र मालक नमले. तासाला एक फ्रँक मजुरी मान्य झाली. त्याच वर्षी संपातील जोझेफीन पाँकाले नगरपालिकेवर निवडून आल्या. स्त्रियांना मताधिकार नाही म्हणून ती निवड रद्द ठरली. (स्वातंत्र्य, समता, बंधुता यांच्या मायभूमीत!)

संप जिंकला, पण कारखाना मालकाचाच राहिला. पुढे डबाबंदीचे भांडवल मोरोक्कोसारख्या स्वस्त मजुरीच्या किनाऱ्यांकडेही वळले. काही कारखाने गावात आजही चालतात, हे खरे. परंतु पाण्याच्या काठाचा उपयोग काय, हे मासळी उतरविणारे हात ठरवीत नाहीत. मासळी घटली, काळ बदलला, त्याला कोण काय करणार, असे पर्यटनाचे कैवारी म्हणतात. काळ बदलतो, त्याची किंमत दरवेळी श्रमिकानेच का मोजावी, याचे उत्तर ते देत नाहीत.

मुंबईच्या वरळी कोळीवाड्याने हा प्रश्न वेळीच विचारला. सागरी किनारा मार्गाच्या दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवण्याचे योजिले होते. त्यातून होड्या सुखरूप जाणार नाहीत, असे सांगत कोळी बांधव अडून बसले. अखेर 2022 च्या डिसेंबरात शासनाने 120 मीटर मान्य केले. मागणी याहून मोठी होती. पण समुद्राची वाट तरी राहिली.

पाथर्डीच्या कोरडवाहू माळावर या समुद्रकथेचे काय काम, असे कोणी विचारील. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड पाठीशी बांधून ऊसतोडीला निघणारा या तालुक्यातील कोयता दुआर्ननेझच्या त्या स्त्रियांच्याच वाटेने चालला आहे. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. ती लढून मिळाली, दयेने नव्हे. पण फडात आता ऊसतोडणी यंत्र उतरत आहे आणि त्याच्या खरेदीला सरकारी तिजोरीतून अनुदान मिळते. ते यंत्र कोणाच्या मालकीचे होणार? संघटनांच्या मागणीपत्रात दराच्या कलमाआधी हे कलम यावयास हवे: अनुदानित यंत्रावर पहिला हक्क तोडणी कामगारांच्या सहकारी संस्थांचा.