भूत आपल्याच नावाचं

गेल्या शनिवारी रूमवर 'स्टुडिओ ६६६' पाहिला. तिसऱ्यांदा. रूममेट अर्ध्यातच उठला आणि निकाल देऊन झोपायला गेला, "पैसा जास्त झाला की लोक असले पिक्चर काढतात." २०२२ साली पिक्चर आला तेव्हाही काही समीक्षकांचा सूर असाच होता. फॅन लोकांपुरती गंमत, बाकी काही नाही.

मंडळी, मला हे अजिबात पटत नाही. आज त्यावरच भांडायचंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फू फायटर्स हा 'निर्वाणा'च्या ड्रमरने, म्हणजे डेव्ह ग्रोहलने, १९९४ मध्ये सुरू केलेला अमेरिकन रॉक बँड. पिक्चरमध्ये त्यांना दहावा अल्बम करायचाय. मॅनेजर त्यांना एन्सिनोतल्या एका जुन्या बंगल्यात नेऊन टाकतो, जिथे पूर्वी दुसऱ्या एका बँडचे मुडदे पडलेत. डेव्हला गाणं सुचेना. मग तळघरात एका अर्धवट गाण्याची टेप सापडते आणि साहेब झपाटले जातात. गाणं संपायचं नावच घेत नाही, नुसतं लांबत जातं. आणि त्या गाण्यापायी हा माणूस एकेक करून आपल्याच दोस्तांना संपवायला लागतो. गिटारिस्टचं तोंड थेट बार्बेक्यूच्या शेगडीवर! रक्त इतकं की हसूच येतं.

आता मुद्दा. यातला डेव्ह म्हणजे डेव्ह ग्रोहलच. टेलर म्हणजे टेलर हॉकिन्सच. सहाही जण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने. गोष्ट ग्रोहलचीच, आणि बंगलाही तोच, जिथे त्यांनी २०२१ चा 'मेडिसिन ॲट मिडनाइट' रेकॉर्ड केला. म्हणजे जगभर 'सगळ्यात चांगला माणूस' म्हणून ओळखला जाणारा बँडलीडर सांगतोय की या गोष्टीतलं भूत मीच आहे. १९७८ मध्ये 'किस' बँडनेही अमेरिकन टीव्हीसाठी असाच एक भुताटकीछाप पिक्चर केला होता. त्यात त्यांनी स्वतःला काय दिलं? सुपरपॉवर! फरक इथेच आहे.

(पिक्चर लागला २५ फेब्रुवारीला आणि २५ मार्चला टेलर हॉकिन्स खरंच गेला. बोगोटात, ऐन दौऱ्यात. आता त्याचे सीन बघताना हसू मधेच अडकतं. असो.)

आपल्याकडे काय? 'झपाटलेला' मला तोंडपाठ आहे. यवतमाळात उन्हाळ्याच्या दुपारी टीव्हीवर लागला आणि क्लायमॅक्सला लाइट गेली की अख्खी गल्ली कळवळायची. १९९३ चा पिक्चर, महेश कोठारे, लक्ष्या, रामदास पाध्यांचा बाहुला. त्याला नावं ठेवणाऱ्याशी मी बोलतसुद्धा नाही. पण बघा, तात्या विंचू आधीच गुंड. तो मरतो आणि बाहुल्यात शिरतो. लक्ष्या बिचारा धुतल्या तांदळासारखा. भूत कायम बाहेरचं असतं, आणि बघणाऱ्यांपैकी एकालाही वाटत नाही की तात्या विंचू आपण आहोत. सगळे लक्ष्याच.

आणि कलाकारांवरचे पिक्चर म्हणाल तर आपण माणूस जायची वाट बघतो. २०११ मध्ये 'बालगंधर्व', २०१६ मध्ये भगवानदादांवर 'एक अलबेला', २०१८ मध्ये काशिनाथ घाणेकर. (यातले दोन एकट्या सुबोध भावेंनी केले.) चांगलेच होते, घाणेकरांवरच्या पिक्चरमध्ये तर त्यांचे दोषही दाखवले. पण दुसऱ्याने आणि मागाहून. आजचा एखादा हयात मराठी गायक किंवा संगीतकार स्वतःच्या नावाने पडद्यावर येऊन म्हणेल का, की चाल पूर्ण व्हावी म्हणून मी माझ्या वादकांना खाल्लं? तेही लोकांना हसवत? आपल्याला गाणारी माणसं हार घातलेल्या फोटोसारखी लागतात. आणि फोटो कोणाचा गळा धरत नाही.

हे मला इतकं का लागलं, तेही सांगतो. इंजिनीअरिंगला असताना आमचा चौघांचा बँड होता. दारव्हा रोडवर एका मित्राच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत प्रॅक्टिस. एप्रिलचा महिना, यवतमाळचं ऊन, कूलरमध्ये पाणी नाही. गॅदरिंगच्या गाण्यातला एक तुकडा मला मनासारखा येत नव्हता, म्हणून ड्रमरकडून तो तीन तास वाजवून घेतला. शेवटी त्याने काठ्या खाली ठेवल्या. "तुया गाण्याचं तूच पाय बे, मले नाई जमत." गेला. परत आला नाही. कॉलेजात आम्ही सांगितलं, परीक्षेमुळे बँड बंद.

पुढे मी पुण्यात टीम लीड झालो. गेल्या डिसेंबरात एक रिलीज होतं. रात्री अकराला मी टीमला म्हणायचो, "अजून एकच बिल्ड." वर आपलं ते नेहमीचं, 'टीम म्हणजे फॅमिली'. सगळ्यात ज्युनिअर पोरगा बहिणीच्या साखरपुड्याला जाऊ शकला नाही. जानेवारीत त्याने पेपर टाकले. नंतरच्या मीटिंगमध्ये चूक कुठे झाली त्या रकान्यात 'प्रोसेस गॅप' असं लिहिलं गेलं. 'लिहिलं गेलं' काय, मीच टाइप केलं. झाला बाहुला तयार.

रूममेट म्हणतो, पिक्चरमध्ये लॉजिक नाही. एक माणूस गाण्यासाठी मित्राला मारेल का? अरे, तू टेस्टिंगमध्ये आहेस. रात्री अकराला तू कोणाकोणाला फोन लावतोस ते मी शेजारच्या कॉटवरून ऐकतो.

दिवाळीत यवतमाळला जाणार आहे. ड्रमरचं आता आर्णी रोडला मोबाइलचं दुकान आहे. लॅपटॉपवर पिक्चर घेऊन त्याच्याकडे जायचं ठरवलंय. शटर ओढून बसू म्हटलं तर तो बसेल, का "काम हाय बाप्पा" म्हणून वाटेला लावेल, देव जाणे.