छोटे पाहुणे, ओले मुखवटे

माझी भाची कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाला जवळच्या शाळेतली तिसरी-चौथीची ६० मुलं आली होती. नुसती चित्रं बघून मुलं कंटाळतील, त्यांच्या हातांनाही काही काम हवं, म्हणून या मंडळींनी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचं ठरवलं. बेत झकास! पण लगदा वाळायला दोन-तीन दिवस लागतात आणि शाळेची बस तासाभरात हॉर्न वाजवते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मुलं रिकाम्या हातांनी परत गेली. मागे राहिले ६० ओले मुखवटे, प्रत्येकाखाली चिठ्ठीवर मुलाचं नाव. ते न्यायला कुणी आलं नाही. बुरशी धरल्यावर भाचीनंच ते टाकले. ‘‘मावशी, एकेक नाव वाचत टाकले गं,’’ असं तिनं सांगितलं तेव्हा मलाही कसंसंच झालं.

यंदा तिनं महिनाभर आधीच मला गाठलं. तिच्या मित्राच्या डोक्यात लिनो कोरून छापायचं होतं. आठ वर्षांच्या हातात लिनोची पाती! मी म्हटलं, आधी बस किती वाजता सुटणार ते शाळेला विचारा आणि तिथून उलटं मोजत या.

शेवटी ठरले भाजीचे ठसे. घरोघरी होणारीच गोष्ट, पण इथं तिला अर्थ होता. दालनात विद्यार्थ्यांनी लाकडी ठशांनी छापलेली कापडं टांगलेली होती. सांगानेर-बगरूचे छपाई कारागीर ठसा थेट रंगात बुडवत नाहीत. रंगाच्या तबकात बांबूची जाळी आणि वर कापड असतं, त्यावर ठसा टेकवतात, म्हणजे रंग सारखा लागतो. आम्ही पसरट ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर पोस्टर कलर ओतला. तत्त्व तेच!

भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल उमटतं, कांद्याची वर्तुळं. बटाटा मात्र कापल्यावर कोरड्या फडक्यानं टिपावा, नाहीतर पाणी सुटून रंग ओघळतो. भेंडी जून घ्यावी. कोवळी दाबली की चेपते, शिवाय जून भेंडी भाजीवाला स्वस्तात देतो आणि स्वयंपाकातली भाजी वाया घालवल्याची चुटपुटही लागत नाही. कापाकापी विद्यार्थ्यांनी आदल्या रात्रीच उरकली.

अर्धी मुलं प्रदर्शन बघत असताना अर्धी टेबलांवर, मग अदलाबदल. टेबलं सहा, प्रत्येकाशी पाच मुलं आणि एक ताई किंवा दादा. रंग लागण्यापूर्वी कागदाच्या मागे पेन्सिलीनं नाव. ही एक गोष्ट विसरलात तर नंतर नुसता गोंधळ! वाळायला कपड्यांची दोरी आणि चिमटे. पातळ लावलेला रंग बस येईपर्यंत वाळतो, हे भाचीनं घरी घड्याळ लावून पाहिलं होतं.

‘आमचं प्रदर्शन सोडून हे बालवाडीचे उद्योग कशाला?’ असंही एक-दोघं कुरकुरले. त्यांना मी बडोद्याचं उदाहरण दिलं. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात १९६१ साली फाइन आर्ट्स फेअर सुरू झाली. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे नामवंत चित्रकार या जत्रेसाठी खेळणी बनवत. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही!

ऐन वेळी घोटाळा झालाच. स्पंज कमी पडले, मग भांडी घासायचे नवे स्पंज कापून वापरले. एका बाईंना सगळ्या मुलांची फुलं एका ओळीतच हवी होती. त्यांना चहाच्या निमित्तानं बाहेर नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

कोपऱ्यातला एक मुलगा मात्र हात मागे बांधून उभा होता. गणवेशाला रंग लागला तर आई रागावेल, एवढंच म्हणाला. भाचीनं स्वतःचा जुना शर्ट उलटा, बटणं पाठीवर येतील असा त्याला घातला. मग मात्र त्यानं कागदाची एकही जागा मोकळी सोडली नाही. बसचा हॉर्न वाजला. बाकीचे धावले. हा दोरीपाशीच. कागदाला बोट लावून पाहिलं, बोट कोरडं निघालं, तेव्हा कुठे त्यानं चिमटा काढला.