वडिलांमागें शेत कोणाचें?

मयत खातेदारांचीं नांवें ७/१२ वरून कमी करून तेथें वारसांचीं नांवें लावण्यासाठीं राज्य सरकारला १ एप्रिल २०२५ पासून 'जिवंत सातबारा' नांवाची मोहीम राज्यभर चालवावी लागली, ही गोष्ट आम्हां शेतकऱ्यांस फारशी भूषणावह नाहीं. वारसाहक्कानें जमीन आली म्हणजे तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास, आतांच्या भाषेंत ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावें असें जमीन महसूल अधिनियम १९६६ पासून सांगत आहे. तें काम घरच्या माणसांनीं केलें नाहीं म्हणून सरकार दारीं आलें. आजोबा जाऊन चाळीस वर्षें झालीं, तरी विहिरीवरील विजेचें मीटर त्यांच्याच नांवावर फिरत आहे, असें घर शोधावयास आमच्या बहुतेक वाचकांना फार दूर जावें लागणार नाहीं.

परंतु मेलेल्याचें नांव राहिलें हें दुखणें वरवरचें आहे. खरें दुखणें जिवंत माणसाच्या मौनाचें. कोणत्या वावरांत बोअर घ्यावयाची, मुलीचें लग्न कोणत्या साली करावयाचें, याचा विचार दोन-दोन वर्षें आधीं करणारा कर्ता पुरुष आपल्यामागें हें शेत कोण करील हा प्रश्न मात्र तोंडावर येऊं देत नाहीं. मृत्युपत्राचा विषय काढला कीं घरांत अभद्र बोलल्यासारखें होतें, आणि जो मुलगा तो काढील त्याची नजर जमिनीवर आहे असें ठरतें.

याचा परिणाम काय होतो हें शंभर वर्षांपूर्वींच पाहून ठेवलेलें आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मान यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवची पाहणी करून ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. १७७१ त तेथें सरासरी धारणा सुमारें ४० एकर होती, ती १९१४-१५ त ७ एकरांवर आली होती. आणि १५६ जमीनधारकांची जमीन सातशेंहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती. त्या गांवीं आज इमारती उभ्या आहेत, तेव्हां तेथला प्रश्न निराळ्या रीतीनें मिटला म्हणावयाचा. बाकी महाराष्ट्राचा मिटलेला नाहीं. कृषिगणनेप्रमाणें राज्यांतील सरासरी धारणा १९७०-७१ त ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ त १.३४ हेक्टर झाली.

तुकडे केवळ माणसें वाढल्यानें पडत नाहींत, वांटणीच्या रीतीनेंही पडतात. तिघां भावांत सहा एकर वांटावयाचे तर प्रत्येकानें दोन एकर एका ठिकाणीं घेतले, असें क्वचितच घडतें. काळ्या रानांत तिघांची पट्टी, मुरमाडांत तिघांची पट्टी, आंब्याच्या झाडांत तीन हिस्से आणि विहिरीवर तीन पाळ्या! कोणावर अन्याय होऊं नये ही बुद्धि चांगली. पण त्या न्यायापायीं दोन नवे बांध पडतात, औत वळवावयास जागा राहत नाहीं, आणि मधल्याला आपल्या पट्टींत जावयास वाट लागते ती दोघांच्या पिकांतून. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्यानें प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास प्रतिबंध केला. पण घरगुती वांटपांत त्याची आठवण बहुधा जमीन विकावयाची वेळ येते तेव्हांच होते.

आमच्या माहितीच्या एका बागाईतदारांचें उदाहरण येथें देतों. चार एकर द्राक्षबाग व जोडीला फळरोपवाटिका, दोन्ही त्यांनीं स्वतः उभीं केलेलीं. थोरला मुलगा शहरांत नोकरीस, मुलगी सासरीं सुखांत, धाकटा बागेंत राबणारा. ऑक्टोबर छाटणी पंधरा दिवसांवर आली असतां ते अकस्मात् वारले. बँकेचें खातें एकट्याच्या नांवावर. व्यापाऱ्याकडून येणें किती, हें त्यांच्या डोक्यांत. रोपांसाठीं आगाऊ पैसे भरलेले शेतकरी तिसऱ्या दिवसापासून ओट्यावर येऊं लागले, व कोणी किती भरले याचें टिपण एका जुन्या वहींत निम्मेंच सांपडलें. रोपवाटिकेचा परवाना मयताचा. तिघां भावंडांत वैर नव्हतें, कोणी कोर्टाची पायरी चढलें नाहीं. तरी छाटणी लांबली, रोपें वाळलीं, आणि वडिलांनीं वीस वर्षांत जोडलेलें गिऱ्हाईक एका हंगामांत पांगलें. भांडण झालें तरच घर बुडतें अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं हें लक्षांत घ्यावें. रोपवाटिका, गोठा, गुऱ्हाळ, खतांचें दुकान असा धंदा जमिनीसारखा पडून राहत नाहीं. महिनाभर हात लागला नाहीं तर तो मरतो. म्हणून मालकी देण्याच्या पुष्कळ आधीं कारभार द्यावा. व्यापाऱ्याशीं बोलणी मुलानें करावी, हिशेबाची वही मुलीनें किंवा सुनेनें लिहावी, आणि वडिलांनीं चुका होऊं द्याव्या.

आतां कायद्याविषयीं थोडें, कारण यांत गैरसमज फार. (हें विवेचन हिंदु कुटुंबांपुरतें आहे, मुसलमान व ख्रिस्ती बंधूंचे वारसानियम निराळे आहेत.) मृत्युपत्र न करितां माणूस वारला तर १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतींत विधवा, मुलगे, मुली व हयात असल्यास त्याची आई, या सर्वांस सारखा हिस्सा मिळतो. आईची आठवण कोणालाच राहत नाहीं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींत महाराष्ट्रानें २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींस, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व देशांत विवाहित-अविवाहित सर्व मुलींस मुलाइतकाच हक्क दिला. तो जन्मानें मिळतो, त्यासाठीं २००५ त वडील हयात असण्याचें कारण नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला. त्यामुळें सगळी वडिलोपार्जित जमीन एका मुलास लिहून देणारें मृत्युपत्र हें केवळ बापाच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतेंच टिकतें. बँकेंत नामनिर्देशन केलें म्हणजे काम झालें, हीही समजूत खोटी. नामनिर्देशित इसम पैसे उचलतो. ते कोणाचे हें वारसाहक्कच ठरवितो.

बहिणींस हिस्सा दिला तर शेत तुटेल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तीन मुलगे असले तर तेंच शेत तीन ठिकाणीं तुटतें, तेव्हां हा आक्षेप कोणी घेत नाहीं! बहिणीनें आपखुषीनें हक्कसोडपत्र करून तें नोंदवून दिलें तर त्याविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पण तेराव्याच्या पंगती उठल्या न उठल्या तोंच माहेर तुटेल या धाकानें जी सही घेतली जाते, तिला आपखुषी म्हणणें आम्हांस कठीण वाटतें. अशा सहीची आठवण पंधरा वर्षांनीं, रस्ता रुंद होऊन जमिनीला भाव आला म्हणजे, भाच्यांस होते.

आमचें मत असें, कीं हक्क वांटावा, वावर वांटूं नये. ज्यास शेती करावयाची त्याजकडे शेत सलग राहावें, आणि इतरांचा हिस्सा पैशानें, पांच-सात हंगामांच्या हप्त्यांनीं, लेखी कराराप्रमाणें फेडावा. कोणा वारसास आपला हिस्सा विकावयाचाच असेल तर तो आधीं विकत घेण्याचा अग्रहक्क सहवारसांस त्याच १९५६ च्या कायद्यानें दिला आहे, व तो शेतजमिनीसही लागू आहे असें २०१९ त सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. मात्र हप्ते किती व भाव कोणता हें बापानें हयातींत सर्वांस समोर बसवून ठरवावें. मागाहून तो भाव भावाभावांत ठरत नाहीं.

याच्या उलट टोंकाचीही चूक पाहण्यांत येते. मुलांच्या आग्रहानें सर्व कांहीं दानपत्रानें देऊन टाकून म्हातारा-म्हातारी दोघां मुलांकडे महिने वांटून जेवतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें असें दान रद्द होऊं शकतें. पण त्यासाठीं पोषणाची अट दानपत्रांतच स्पष्ट लिहिलेली असावी. आमचा सल्ला विचाराल तर राहतें घर व विहिरीचा हिस्सा पति-पत्नींनीं अखेरपर्यंत आपल्या हातीं ठेवावा, आणि त्याची व्यवस्था मृत्युपत्रानें करावी.

मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाहीं व नोंदणी सक्तीची नाहीं. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवणें चांगलें. सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांदेखत करावा व त्यांनींही आपल्या सह्या कराव्या. ज्यास कांहीं मिळावयाचें आहे त्याला साक्षीस घेऊं नये. साक्षीदार आपल्याहून वयानें लहान असावे. सत्तरीच्या मित्रांस साक्षीला घेणारे पुष्कळ भेटतात! गट नंबर, क्षेत्र, विहिरींतील पाळी, सोसायटीचें कर्ज, कारखान्याचे शेअर, उसने दिलेले व घेतलेले पैसे, सर्व लिहावें. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल तर हस्तांतरावर बंधनें असतात, तीं तालुक्याच्या कचेरींत आधीं विचारावीं. मन बदललें तर मृत्युपत्र हवें तितक्या वेळां नवें करितां येतें. शेवटचें तेंच खरें. आणि तें लिहून झाल्यावर त्याची एक प्रत कोठें ठेविली आहे हें निदान घरच्या बाईस सांगून ठेवावें. एका घरीं तें धान्याच्या कोठींत तळाशीं, वांटणी होऊन चार वर्षें झाल्यावर सांपडल्याचें आम्हीं पाहिलें आहे.