कोयता म्हणजे दोन माणसं

ऊसतोडीच्या धंद्यात 'कोयता' हे आता नुसतं हत्याराचं नाव राहिलेलं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. यंदा टोळीत किती कोयते, असं मुकादमाला विचारलं की तो दहा म्हणतो आणि फडात वीस माणसं उतरतात. बायको नसलेला गडी 'अर्धा कोयता' ठरतो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, तीही त्याला अर्धीच मिळते. म्हणून बीड, जालना, परभणीकडच्या गावांत हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींची लग्नं उरकली जातात. अंगाची हळद उतरायच्या आत पोर कुणाच्या तरी उसात वाकलेली असते.

तो ऊस आमच्यासारख्यांचा असतो. माझं घर ऊस पिकवणारं आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातून मी स्वतःला वगळत नाही. एका पौषात आमच्या फडाला बालाघाटाकडची टोळी आली होती. पहाटे साडेतीनला बांधावर चुली पेटल्या आणि उजाडायच्या आत चार सऱ्या आडव्या झाल्या. गडी बुडातून ऊस तोडत होते, बाया वाढं छाटून मोळ्या बांधत होत्या. बांधावरच्या झोळीत एक तान्हं पोर रडून रडून झोपलं होतं. दुपारी ट्रक आला, मागे फळी लागली, आणि डोक्यावर मोळी घेऊन बाया त्या हलत्या फळीवरून चढू लागल्या. त्यांत एक पोटुशी होती, सातवा महिना असावा. मी म्हटलं, "ताई, तुम्ही बसा थोडं." ती न थांबता म्हणाली, "बसल्यावर खाडा कोन भरील, दादा?"

संध्याकाळी मी मुकादमाची वही बघायला मागितली. तिच्या नवऱ्याचं नाव होतं, त्यापुढे उचलीचा आकडा होता, खाली खाड्यांच्या, म्हणजे चुकलेल्या दिवसांच्या दंडाच्या, रेघा होत्या. तिचं नाव कुठेच नव्हतं.

हे आमच्या भागात कुणापाशी काढलं की ठरलेली उत्तरं मिळतात. शिकलेली माणसंही तीच देतात, आणि ती खरी वाटतात म्हणूनच त्यांचा समाचार घेणं भाग आहे.

पहिलं उत्तर उचलीचं: "लाख लाख रुपये आधी मोजून घेतात, गरीब कसले?" हिशेब करून बघू. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर टनाला २७३ रुपये १० पैशांवरून ३६६ रुपये झाला, म्हणजे ३४ टक्के वाढला. वाढ मोठी दिसते. पण एक लाखाची उचल या दरानं फेडायची तर २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडीनं रोज दोन टन तोडला, तरी १३७ दिवस. त्यात एक दिवसही आजारपण नको, कारखाना बंद पडायला नको, अवकाळी पाऊस नको, आणि फडावर असताना पोटाला जे लागतं त्याचा पैसा वेगळा. अलीकडे हंगाम कधी कधी तीन महिन्यांतच आटोपतो. मग उरलेली 'बाकी' पुढच्या सालावर जाते, आणि तो माणूस पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या दारात उभा राहतो. आधी मिळालेला पैसा ही श्रीमंती असेल, तर सावकाराच्या दारातलं प्रत्येक कूळ श्रीमंत म्हणायला हवं. शिवाय दोन टनांचे ७३२ रुपये दोघांचे आहेत. एकाच्या वाट्याला ३६६ येतात, तेही पहाटेपासून अंधार पडेपर्यंतच्या कामाचे आणि रात्री-बेरात्री ट्रक आला की तो भरून देण्याचे.

दुसरं उत्तर: "कुणी बांधून आणतं का? स्वखुशीनं येतात." याचं उत्तर कायद्यानं आणि न्यायालयानं देऊन ठेवलं आहे. वेठबिगारीच्या उच्चाटनाचा कायदा १९७६ चा आहे. घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याची, हवं तिथे जाण्याची किंवा किमान वेतन मिळण्याची मोकळीक गमवावी लागली, की त्या व्यवहाराला हा कायदा वेठबिगारी म्हणतो आणि ते कर्जच रद्द ठरवतो. दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली आणखी पुढचं सांगितलं. भुकेची आणि गरिबीची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे, आणि किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेलं काम राज्यघटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी ठरतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारच्या माळरानावर पावसाच्या भरवशाच्या दोन एकरांत चार महिनेसुद्धा भागत नाही, आणि दिवाळीनंतर गावात हाताला काम नसतं. तिथून निघालेल्या माणसाला स्वखुशीचा म्हणणं हा शब्दाचा गैरवापर आहे.

"पण टोळ्या पळून जातात, मुकादम लाखो रुपये बुडवतात, शिवाय शेतकऱ्याकडून खुशाली म्हणून वरचे पैसे उकळतात." यातलं काही खोटं नाही. उचल देऊन टोळी न आल्यानं ट्रॅक्टर विकावा लागलेला वाहतूकदार माझ्या माहितीतला आहे. खुशालीपायी शेतकरी वैतागतो, तेही मी घरात पाहिलं आहे. पण हे दुखणं कुठून येतं? मजुरी काम झाल्यावर, ज्यानं काम केलं त्याच्या हातात, त्याच्या नावावर पडत असती, तर बुडवायला उचल उरलीच नसती. पैसा कारखान्याकडून ठेकेदाराकडे, तिथून मुकादमाकडे, मग गड्याकडे उतरतो, आणि वाटेत कशाचीही धड पावती नसते. अशा व्यवस्थेत फसवणूक दोन्हीकडून होणारच. फरक एवढाच, की बुडालेला वाहतूकदार फिर्याद देऊ शकतो, आणि फसलेल्या टोळीला गाडीत घालून परत फडावर आणलं जातं किंवा मुकादमाच्या घरी डांबून ठेवलं जातं. असे गुन्हे बीडपासून कोल्हापूरपर्यंतच्या पोलीस ठाण्यांत नोंदले गेले आहेत.

सगळ्यांत चिवट उत्तर कारखान्यांचं: "हे आमचे कामगार नाहीत. आमचा करार ठेकेदाराशी. तोडणी-वाहतुकीचा पैसाही शेतकऱ्याच्या बिलातून जातो." कागदावर तसं आहे खरं. पण कोणाचा ऊस कधी तोडायचा, हे कोण ठरवतं? कारखान्याचं शेतकी खातं. तोडीची चिठ्ठी कोण देतं? कारखान्याचा माणूस. उचलीचा पैसा हंगामाआधी कोण उभा करतं? कारखाना, स्वतः किंवा बँकेपुढे उभं राहून. वजन कुठल्या काट्यावर होतं? कारखान्याच्या. आणि शेवटचा प्रश्न असा, की तोडणीचा दर ठरवायला कामगार संघटनांसमोर टेबलाच्या पलीकडे कारखान्यांचा साखर संघ का बसतो? हे कामगार आपले नाहीत, तर त्यांची मजुरी ठरवणारे आपण कोण? मुकादमाचं कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के करायचं, हेही त्याच टेबलावर ठरलं. ज्याच्या सांगण्यावरून काम सुरू होतं आणि ज्याच्या काट्यावर संपतं, तोच मालक. माझा मुद्दा एवढा एकच आहे, बाकी सगळं त्यातून निघतं.

या धंद्यात कायदा कुठवर पोचला आहे, तेही बघा. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी ती टनाला ३४०० रुपये होती. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर व्याज. साखरेलाही २०१८ पासून किमान विक्री दराचा आधार आहे. उसाला कायदा आहे, साखरेलाही आहे. मधे ऊस तोडणारी जी माणसं आहेत, त्यांचा दर मात्र दोन-चार पुढाऱ्यांच्या लवादात तीन-तीन, पाच-पाच वर्षांनी ठरतो, तोही संपाची हाक दिल्यावर. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला पाऊणशे वर्षं झाली. शेतकरी कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे त्या पिढीनं जगाला दाखवलं. तोडणाऱ्याला साधं कामगार म्हणणंही त्यानंतरच्या पिढ्यांना जमलं नाही.

आता पिशवीबद्दल. गर्भाशयाला तिकडच्या बाया पिशवी म्हणतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या काढल्या जातात, ही गोष्ट २०१९ साली वर्तमानपत्रांत आली, तेव्हा मी ऐकलेलं उत्तर होतं: "त्यांनीच काढून घेतल्या, कुणी सांगितलं होतं?" त्याच वर्षी बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढल्याचं सरकारनं विधिमंडळात सांगितलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. दर सहा बायकांत एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

बाई हा निर्णय कशी घेते? टोळी उतरते त्या तळावर संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचं. पाळीचं कापड धुवायला आणि वाळवायला जागा नाही. दिवसभर घाम, पाचट आणि ओझं. अंगावरून जायला लागतं, पोटात दुखतं, आणि एक दिवस बसलं की पाचशे रुपये, कुठे त्याहूनही जास्त खाडा. हंगाम संपल्यावर ती दवाखान्यात जाते. तिथे तिला कॅन्सरची भीती घातली जाते. पंचविशी-तिशीतली बाई, दोन-तीन लेकरं झालेली. ती कर्ज काढते, पिशवी काढते आणि पुढच्या हंगामाला परत फडात. मग हाडं ठिसूळ होतात, कंबर जाते, घाम फुटतो, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, हिला काम नको. हा तिचा निर्णय म्हणायचा असेल, तर ती ज्या चार भिंतींत कोंडली होती त्या कुणी बांधल्या, हेही सांगावं लागेल. तळावर दोन संडास, पाण्याची एक टाकी आणि पाळीच्या दिवसांचा खाडा माफ, एवढ्यानं यातल्या कित्येक शस्त्रक्रिया टळल्या असत्या. एका टन साखरेमागे हा खर्च किती आला असता?

शेतकऱ्याच्या नावानं जे बोललं जातं, ते मला सर्वांत जास्त लागतं. "आम्हालाच परवडत नाही, मजुरी आणखी कुठून वाढवायची?" शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचे टनामागे साधारण सातशे ते हजार रुपये कापले जातात. त्यातला वाहतुकीचा किती, कमिशनचा किती, आणि वाकलेल्या पाठीपर्यंत पोचलेला किती, हे शेतकऱ्याला कुणी फोडून दाखवत नाही. तो हिशेब मागणं शेतकरी आणि मजूर दोघांच्याही हिताचं आहे. यंत्रं येणार म्हणून हा प्रश्न सुटेल, असंही ऐकतो. आमच्या भागातल्या तुकड्या-तुकड्यांच्या रानात हार्वेस्टर सरसकट फिरायला अजून बरीच वर्षं जातील, आणि तोवर माणसांनी वेठ करावी, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

सरकारनं काही केलं नाही, असं मी म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. कारखान्यांनी टनाला दहा रुपये आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलं. ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना आली. आईबापांमागे पोरं फडावर जायची थांबली, तर यासारखं दुसरं काम नाही, आणि ही सगळी वसतिगृहं सुरू होऊन भरलेली राहिली पाहिजेत. पण कल्याण हे हक्काच्या जागी उभं करता येत नाही. ज्याला कायद्यानं कामगार म्हटलं आहे, त्याला भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई, बाळंतपणाची रजा मागता येते. ज्याला म्हटलेलं नाही, त्यानं अर्ज करून वाट बघायची. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्यानं पोर नेलं, विहिरीत गाडी गेली, रात्री ट्रॉली उलटली, की दर वेळी वेगळा अर्ज आणि वेगळी दया.

करायचं ते फार अवघड नाही. कारखान्याच्या नोंदवहीत प्रत्येक तोडणाऱ्याचं नाव हवं, नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं. मजुरी दर पंधरवड्याला दोघांच्या दोन खात्यांत जावी. खाडा ही गोष्टच बेकायदा ठरवून बंद व्हावी. उचल लागलीच तर ती कारखान्यानं लेखी, बिनव्याजी द्यावी आणि तिची मर्यादा ठरलेली असावी. तळावर पाणी, संडास, उजेड आणि पाळणाघर नसेल, तर त्या कारखान्याला गाळपाचा परवाना मिळू नये. परवाना दर हंगामाला साखर आयुक्तांकडून घ्यावाच लागतो, म्हणजे लगाम सरकारच्या हातात आधीपासूनच आहे.

आणि थोडा लगाम आपल्याही हातात आहे. हे वाचणाऱ्यांत सहकारी कारखान्यांचे सभासद असतील. सप्टेंबरात वार्षिक सभा होते. अहवाल वाचून झाला, मंजूर मंजूर म्हणून हात वर झाले, की उभे राहा आणि दोन प्रश्न विचारा: आपल्या तोडणी-वाहतुकीच्या कपातीतले किती रुपये तोडणाऱ्या बाईच्या खात्यावर जातात? आणि आपल्या कारखान्याच्या तळांवर संडास किती आहेत? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. मी यंदा विचारणार आहे.