गुरुदीक्षेवरील संशय : नाशिकच्या बिशप महोदयांस अनावृत पत्र

देवळा, जिल्हा नाशिक

परमपूज्य बिशप महोदय,

पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन आपला धर्मप्रांत 1987 साली स्थापन झाला आणि थॉमस भालेराव हे येशूसंघीय धर्मगुरू त्याचे पहिले बिशप झाले, ही गोष्ट इकडील कॅथलिक कुटुंबांना इतिहासातील एक साधी नोंद वाटते. परंतु जुन्या लॅटिन उपासनेचा कैवार घेणाऱ्यांपैकी काही मंडळींचा आक्षेप खरा मानावयाचा झाल्यास त्या साली नाशिकला बिशप लाभलाच नाही, आणि तेव्हापासून येथे ज्यांच्या मस्तकावर हस्तारोपण झाले त्यांच्यापैकी एकही धर्मगुरू नव्हे.

आक्षेप असा की, पोप सहावे पॉल यांनी 18 जून 1968 रोजी बिशपदीक्षेचा जो नवा विधी प्रसृत केला, त्यातील प्रार्थनेत त्या पदाचा निर्देश पुरेसा स्पष्ट नाही, सबब त्या विधीने दीक्षित झालेला बिशप हा बिशपच नव्हे. त्याच मंडळींतला दुसरा एक तट याहून पुढे जातो. स्वित्झर्लंडमधील एकोन येथे 1988 साली रोमची आज्ञा नसता चार बिशपांना दीक्षा देणारे आर्चबिशप मार्सेल लफेव्र हेच त्यांना संशयास्पद वाटतात. कारण लफेव्र यांना 1929 साली धर्मगुरुपदाची व 1947 साली बिशपपदाची दीक्षा देणारे लिएनार हे गुप्तपणे फ्रीमेसन होते, असा प्रवाद आहे. हा वाद विद्वानांच्या ग्रंथांत राहता तर मी आपणांस पत्र लिहिले नसते. परंतु जेथे कॅथलिक घरे तुरळक आणि धर्मगुरूची भेट दुर्मिळ, अशा आमच्यासारख्या गावी या संशयाचा भार त्या मुलावर पडतो, ज्याच्या वडिलांनी अखेरच्या घटकेस पापनिवेदन करून अभ्यंग घेतले आणि ते समाधानाने गेले.

लिएनारविषयीच्या प्रवादाचे निरसन मला अवघड वाटत नाही. संस्काराची सिद्धी तो देणाऱ्याच्या अंतःकरणाच्या शुद्धतेवर अवलंबून नाही, हा निर्णय संत ऑगस्टीनने डोनाटसपंथीयांशी झालेल्या वादातच देऊन ठेवला आहे. शिवाय 1947 च्या त्या विधीत लिएनार यांच्यासमवेत आणखी दोन बिशपांनी हस्तारोपण केले होते, आणि असे सहदीक्षकही खरेखुरे दीक्षादाते असतात हे बाराव्या पायसने 1944 सालीच स्पष्ट केले होते.

बिशपांच्या दीक्षेविषयीच्या अशा संशयाचे एक मूळ आपल्याच किनाऱ्यावर आहे, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गोव्यातील वेर्णे गावी 1836 साली जन्मलेले आंतोनियु फ्रांसिश्कु शाव्हियेर आल्वारिश हे कॅथलिक धर्मगुरू होते. पाद्रोआदो म्हणजे इकडील चर्चवरील पोर्तुगालचा राजाधिकार आणि प्रोपागांदा म्हणजे रोमचे धर्मप्रचार-खाते यांच्यातील अधिकाराच्या झगड्यात, पोर्तुगाल व रोम यांच्यातील 1886 च्या करारानंतर, त्यांनी रोमची साथ सोडली आणि 28 जुलै 1889 रोजी केरळातील, रोमच्या अधिकाराखाली नसलेल्या मलंकर सुरियानी बिशपांच्या हस्ते मार ज्युलियस या नावाने बिशपदीक्षा घेतली. उडुपीजवळच्या ब्रह्मावर येथील कोकणी कुटुंबे त्यांच्यामागून गेली. गोव्यात बिशपाची वस्त्रे धारण केल्यावरून त्यांना अटक झाली. रोगपीडित व दरिद्री जनांची सेवा करीत 23 सप्टेंबर 1923 रोजी रायबंदर येथे त्यांनी देह ठेवला. याच आल्वारिशांनी 29 मे 1892 रोजी कोलंबो येथे जोझेफ रने विलात या गृहस्थास बिशपपद दिले, आणि त्या विलातपासून पुढे युरोप-अमेरिकेत स्वतंत्र बिशपांच्या इतक्या परंपरा फुटल्या की 1938 साली अंत्युखियाच्या सुरियानी पात्रिआर्कांस, या पंथांना आपली मान्यता नाही, असे जाहीर करणे भाग पडले. विलात स्वतः 1925 साली रोमकडे परतला आणि 1929 साली व्हर्सायजवळच्या मठात निवर्तला. तेव्हा संशय नेहमी निराधारच असतो असे माझे म्हणणे नाही. वेदीही नाही आणि जनही नाहीत, अशा बिशपांची पैदास पाहून कोणाही श्रद्धाळूस शंका यावी.

परंतु ज्या मलंकर परंपरेने आल्वारिशांना दीक्षा दिली त्याच परंपरेचे मार इवानियोस 20 सप्टेंबर 1930 रोजी रोमशी एकरूप झाले, तेव्हा रोमने त्यांना पुन्हा दीक्षा दिली नाही. ते बिशप म्हणूनच स्वीकारले गेले. आणि ज्या 1968 च्या प्रार्थनेवर आक्षेप आहे ती प्राचीन परंपरेतून घेतलेली असून कॉप्टिक व पश्चिम सुरियानी उपासनेतील प्रार्थनांशी तिचे नाते आहे. त्या प्रार्थनांनी दीक्षित झालेल्या पूर्वेकडील बिशपांचे बिशपत्व रोमने शून्यवत मानलेले नाही. नाशिकच्या बिशपांची दीक्षा नाकारू पाहणाऱ्याने प्रथम याचा जबाब द्यावा.

खरा घोटाळा दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ केल्याने होतो. दीक्षेची सनद अस्सल असणे वेगळे आणि त्या मुलुखात अंमल चालविण्याचा हुकूम हाती असणे वेगळे. लफेव्र यांनी केलेल्या दीक्षा आज्ञेविरुद्ध होत्या म्हणून रोमने त्यांना व त्या चौघांना बहिष्कृत ठरविले, परंतु ते चौघे बिशप झालेच नाहीत असे म्हटले नाही. म्हणूनच 2009 साली सोळाव्या बेनेडिक्टने त्या चौघांवरील बहिष्कार उठविला तेव्हा, किंवा 2015 साली पोप फ्रान्सिसने लफेव्र यांच्या संघाच्या धर्मगुरूंना पापनिवेदन ऐकण्याची मुभा दिली तेव्हा, कोणालाही नव्याने दीक्षा देण्याचा प्रसंग आला नाही.

म्हणून, महोदय, आपणांस माझी विनंती आहे की आपल्या पुढील मेषपालीय पत्रात हा विषय सोप्या मराठीत मांडण्याची तजवीज करावी : 1968 चा विधी ग्राह्य का, दीक्षा खरी असूनही एखाद्या धर्मगुरूने ऐकलेले पापनिवेदन वा लावलेले लग्न अधिकाराअभावी अग्राह्य का ठरते, आणि बाहेरून आलेल्या अनोळखी धर्मगुरूची सनद पाहावयाची ती कोणती व ती आपल्या दफ्तरातून पडताळून कशी घ्यावी, हे त्यात असावे, आणि आल्वारिशांसारख्यांचे नाव शापाखाली झाकून न ठेवता त्यांची हकीकत, त्यांच्या चुकांसह व त्यांच्या सेवेसह, जशी घडली तशी सांगावी. ते पत्र नाशिक शहरातील चर्चपुरते न ठेवता देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या बाजूच्या घरोघरी पोहोचेल अशी व्यवस्था करावी.

आपला नम्र,
देवळा येथील एक कॅथलिक